हसणाऱ्याचा माईक बंद करू नका

(पालेगाव, अंबरनाथ पूर्व इथल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसं छापलं आहे.)



मला आज बोलायला उभं केलंय ते एका गाण्यांच्या तबकडीवर. तबकडी अमेरिकेतली, 1980 सालची. भाषा इंग्रजी, गाणारी पोरं गोरी. आणि बोलणारा मी कोण? आयटीआय झालेला फिटर. माझं इंग्रजी मशीनवरच्या पाटीपुरतं. तेव्हा मागं बसलेल्यांना प्रश्न पडला असेल, की मामाला हे कुठलं खूळ लागलं?

सांगतो. यंदाच्या 14 एप्रिलला रात्री आपल्या स्टेजवर चार पोरं उभी राहिली. एक गिटार, एक ड्रम, एक हलगी आणि एक बोंबलणारा. त्यांनी एक गाणं धरलं. दीड कडवं झालं आणि माईक बंद पडला. लोकांना वाटलं लाईट गेली. लाईट गेली नव्हती. वायर काढली होती. ज्या हाताने काढली तो हा हात. बघून घ्या.

गाण्यात काय होतं? एक पुढारी होता, वर्षातून एक दिवस निळा पटका गळ्यात घालणारा आणि 15 तारखेला तो गाडीच्या डिकीत टाकणारा. वस्तीच्या डोक्यावर उभा राहिलेला एक टॉवर होता, ज्याच्या पोहण्याच्या तलावात बारा महिने पाणी आणि आपल्या नळाला एक दिवसाआड फुसफुस. आणि एक मामा होता. पावत्या फाडणारा मामा. वर्गणी गोळा करतो, हिशेब विचारला की 'जय भीम' म्हणतो आणि पुढं जातो. वस्तीतल्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. लहान पोरं माझ्याकडं बोट दाखवत होती. मी खजिनदार. मी वायर काढली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना काय सांगितलं? 'बाबासाहेबांच्या स्टेजवर टिंगलटवाळी चालणार नाही.' माना डोलल्या. वडीलधारी म्हणाली, 'बरोबर केलंस.' गिटारवाला पोरगा गिटार खांद्याला लावून बदलापूरला मावशीकडं निघून गेला. मंडळाचे दोन तुकडे झाले.

आता त्या तबकडीकडं येतो. माझा भाचा मुंबईला कॉलेजात आहे. तो त्या चौघांचा दोस्त. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका रात्री घरी आला, मोबाईल माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, 'मामा, तुम्ही फक्त तेहतीस मिनिटं ऐका. मग शिव्या द्या.' ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, एमआयडीसीत पत्र्याच्या शेडवर कुणी नटबोल्टचं पोतं ओततंय. गाणारा तर असा थरथरत्या आवाजात किंचाळतो, की हे गाणं आहे की दात काढायला बसलाय, कळेना. पण खाली गिटार मात्र मोठी गोड, समुद्राकाठच्या नाचासारखी. म्हटलं, हे काय चाललंय? मग पोरगा एकेका गाण्याचा अर्थ सांगत गेला. आणि मी हसायला लागलो. मग हसता हसता थांबलो. ते थांबणं महत्त्वाचं आहे.

बँडचं नाव 'डेड केनेडीज'. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. तबकडीचं नाव 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स', म्हणजे सडत चाललेल्या भाज्यांसाठी ताजी फळं. गाणाऱ्याचं नाव जेलो बियाफ्रा. हे आईबापाने ठेवलेलं नाव नाही. जेलो म्हणजे अमेरिकेतला जेलीचा पदार्थ, रंगीत, गोड, थलथलीत. आणि बियाफ्रा म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेला प्रदेश, जिथं 1967 ते 1970 च्या युद्धात माणसं उपासमारीनं मेली, पोरांची पोटं फुगली. भरल्या पोटाची मिठाई आणि रिकाम्या पोटाचं मरण, दोन्ही एका नावात. नुसतं नाव सांगितलं तरी समोरच्याच्या घशात घास अडकावा. याला म्हणतात विनोद.

त्यातलं पहिलंच गाणं घ्या. नाव 'किल द पुअर', गरिबांना मारून टाका. त्या काळात अमेरिकेत न्यूट्रॉन बॉम्बची चर्चा चालू होती. हा बॉम्ब असा, की माणसं मरतात आणि इमारती बऱ्याचशा शाबूत राहतात. गाणारा एखाद्या सरकारी जाहिरातीच्या थाटात, आनंदी आवाजात सांगतो की आता प्रश्न मिटला. झोपड्या रिकाम्या, मदतीचा खर्च वाचला, मालमत्तेला धक्का नाही, चला, रात्रभर नाचू. तो कुठंही म्हणत नाही की हे वाईट आहे. तो खुश आहे. आणि त्याच्या खुशीनं आपल्या अंगावर काटा येतो. कारण ही भाषा आपण ऐकलेली आहे. 'अतिक्रमण हटवलं, परिसर मोकळा झाला, सौंदर्यीकरण झालं.' त्या वाक्यात माणूस कुठं असतो? बुलडोझर चालवणारा हसत नाही, त्याची नोटीस लिहिणारा हसत नाही, पेपरात बातमी देणारा हसत नाही. सगळे गंभीर. गंभीर चेहऱ्यानं केलेली हिंसा आपल्याला कायदा वाटते. त्या पोराने फक्त तो गंभीर चेहरा काढून तिथं हसरा लावला. मजकूर तोच.

ही युक्ती जुनी आहे. जोनाथन स्विफ्टने 1729 साली आयर्लंडमधल्या भुकेवर उपाय सुचवला होता, की गरिबांनी आपली पोरं श्रीमंतांना खायला विकावीत. चांगला हिशेब मांडून सुचवला होता. 1980 च्या पोरांनी तोच हिशेब ढोलाच्या ठेक्यावर बसवला.

दुसरं गाणं घरमालकावर. इमारत मोडकळीला आली म्हणून सरकारने शिक्का मारलाय, तरी हा भाडं दुप्पट करतो आणि त्या पैशातून नगरपालिका विकत घेण्याच्या गोष्टी करतो. हे ऐकून भाच्याला म्हटलं, 'अरे, हा बियाफ्रा अंबरनाथला राहून गेला का रे?' आणखी एक गाणं विषारी वायूवर. त्यात वायू सुटतो तो श्रीमंतांच्या गोल्फच्या हिरवळीवर. आपल्याला हे ऐकताना गंमत वेगळी वाटते. कारण वायू कुठं सुटतो हे आपण जाणतो. रात्री दोन वाजता घशात खाज उठून जी माणसं लेकरांच्या तोंडाला ओला फडका लावतात, ती गोल्फ खेळत नसतात. ज्याच्या नाकात रोज वास जातो त्याने एकदा तरी वाऱ्याची दिशा उलटी करून बघितली, तर तेवढं समाधान त्याला असू द्या की राव!

आणि एक गाणं कंबोडियावर. पोल पॉटच्या राजवटीत, 1975 ते 1979, तिथं लाखो माणसं मेली. गाणं मात्र पोल पॉटवर कमी आणि अमेरिकेतल्या शिकलेल्या, सुखवस्तू, स्वतःला क्रांतिकारक समजणाऱ्या पोरांवर जास्त आहे. ज्यांना वाटतं की दोन पुस्तकं वाचली, काळ्यांचं संगीत ऐकलं, म्हणजे वस्तीतलं दुःख आपल्याला कळलं. त्यांना गाणारा म्हणतो, चला, सुट्टीवर कंबोडियाला जाऊन या. आपल्या वस्तीतसुद्धा कॅमेरा घेऊन येतात. नळावरच्या रांगेचा फोटो काढतात. बाईला म्हणतात, 'जरा कळशी डोक्यावर घ्या ना.' त्यांच्यासाठी हे गाणं आहे.

मुखपृष्ठावर जळणाऱ्या पोलीस गाड्या आहेत. तो फोटो 21 मे 1979 च्या रात्रीचा. सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर मॉस्कोन आणि समलैंगिकांचा प्रतिनिधी हार्वी मिल्क यांना डॅन व्हाईट नावाच्या माजी नगरसेवकाने 1978 साली गोळ्या घातल्या. तो आधी पोलिसात होता. ज्युरीने त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधावर सोडवला. त्या रात्री शहर पेटलं. म्हणजे हसण्याच्या तबकडीला गुंडाळलेला कागद जळत्या न्यायाचा आहे. ही पोरं आत हसतात, ती बाहेर काय चाललंय हे माहीत असल्यामुळे हसतात. माहीत नसतं तर नुसती नाचली असती.

हा बियाफ्रा 1979 साली महापौरपदालाही उभा राहिला. जाहीरनाम्यात काय? शहराच्या हद्दीत व्यापाऱ्यांनी विदूषकाचे कपडे घालून फिरावं. पोलिसांनी ज्या मोहल्ल्यात गस्त घालायची तिथल्याच लोकांकडून दर चार वर्षांनी मतं घेऊन निवडून यावं. पहिलं कलम ऐकून लोक हसले. दुसरं ऐकून पोलीस हसले का, ते तुम्हीच ठरवा. साडेसहा हजारांच्या आसपास मतं पडली त्याला. त्या वेळच्या महापौरबाई डायना फाइनस्टाइन हातात झाडू घेऊन रस्त्यावर फोटो काढून घेत होत्या. हा त्यांच्या घरापुढं गेला आणि व्हॅक्युम क्लीनरने तिथला पाला साफ करू लागला.

मित्रहो, इथं मी मोबाईल बंद केला आणि पाणी प्यायलो. झाडू! आपल्याकडं 2014 नंतर सगळ्या देशाच्या हातात झाडू आला. ज्यांच्या सात पिढ्यांनी झाडूला हात लावला नाही त्यांनी पांढऱ्या कपड्यात, आधीच झाडलेल्या रस्त्यावर, आधी आणून टाकलेला पाला झाडला. आणि ज्यांच्या सात पिढ्यांच्या हातातून झाडू सुटला नाही ते गटारात उतरून गुदमरून मरत राहिले. आपण त्यावर निवेदनं दिली, मोर्चे काढले, निषेध केला. सगळं केलं. हसलो मात्र नाही. तो फोटो मुळात एक विनोद होता आणि आपण त्याला गांभीर्याने उत्तर देत बसलो. त्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी व्हॅक्युम क्लीनर चालवायला पाहिजे होता.

आता 'पंक' हा शब्द. इंग्रजीत तो शिवीच होता. टुकार, उनाड, फालतू पोरगा. 1976-77 च्या सुमाराला न्यूयॉर्क-लंडनच्या पोरांनी ती शिवी उचलून छातीला लावली. हे कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर निर्वासित सिंधी आले, लष्कराच्या बराकीत राहिले, मिळेल तो धंदा केला. लोक हसले, नकली माल म्हणाले. मग 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आला. आज हा विनोद सगळ्यात आधी सिंधी दुकानदारच हसून सांगतो. त्याने शिवीतला दात काढून गल्ल्यात टाकला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं त्यांचं. आपली परंपरा गंभीर आहे, दुःखाची आहे. कोण म्हणतो? महात्मा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. त्यात गरोदर कुणबीण आहे, तिला ग्रहांची भीती घालून लुटणारा जोशी आहे आणि मध्येच तोंड घालून जोशाचं पितळ उघडं पाडणारा एक विदूषक आहे. विदूषक! संस्कृत नाटकात तो राजाचा मित्र, खादाड ब्राह्मण. जोतिबांनी त्याला शूद्रांच्या बाजूला आणून उभा केला. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडं दिलं, कमिटीने नाकारलं. छापून यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. म्हंजे माईक बंद करणारा मी काही पहिला नाही. मोठमोठ्या कमिट्या माझ्या आधी होऊन गेल्या.

1873 ची 'गुलामगिरी' काढून बघा. धोंडिबा भोळ्या चेहऱ्याने अवतारांवर प्रश्न विचारतो. मत्स्याच्या पोटी माणूस जन्मला तर अंडं कुठं घातलं, पिल्लू पाण्यात जगलं कसं? दशावतारांची हवा काढायला तत्त्वज्ञान लागलं नाही, एक सरळ प्रश्न पुरला. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये तेच केलं, वकिली थाटात, पुराव्यांनिशी. 1987 साली महाराष्ट्र सरकारने ते छापलं आणि राम-कृष्णाच्या कोड्यावरून रान पेटलं. ग्रंथावर बंदी आणा म्हणून मोर्चे निघाले, त्याला उत्तर म्हणून आपलेही प्रचंड मोर्चे मुंबईत निघाले. कोड्याला घाबरतो कोण? ज्याला उत्तर माहीत असतं तो.

सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे. नाशिकच्या भीमराव कर्डकांचं नाव ज्याला माहीत नाही त्याने आज घरी जाऊन विचारावं. तमाशाचा साचा घेतला, सोंगाड्या घेतला आणि भटजी, सावकार, पाटील यांची भर चावडीपुढं फजिती केली. अक्षर न वाचता येणारा माणूस त्या रात्री हसत घरी गेला आणि सकाळी मेलेलं ढोर ओढायला 'नाही' म्हणाला. त्या नकारामागं सभा होत्या, परिषदा होत्या, बाबासाहेब होते. पण पाटलाची भीती पहिल्यांदा पातळ झाली ती रात्री, हसताना. ज्याला काल हसलो त्याला आज मुजरा करायला कंबर वाकत नाही.

1972 साली राजा ढाल्यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. त्यातला हिशेब आठवा. दलित बाईचं लुगडं फेडलं तर दंड 50 रुपये, राष्ट्रीय प्रतीकाचा अपमान केला तर 300. एवढीच दुकानदाराची बेरीज-वजाबाकी. पण अख्खा महाराष्ट्र हादरला. लेखावर अश्लीलतेची, देशद्रोहाची ओरड झाली. ज्या बाईचं लुगडं फेडलं तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

अलीकडचं सांगू? 2012 साली जालन्याच्या शेतकरी कलावंतांनी 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आणलं. राजकुमार तांगड्यांचं लेखन, संभाजी भगतांचं संगीत, नंदू माधवांचं दिग्दर्शन. यम शिवाजीराजांना न्यायला येतो आणि राजांचे विचार कुणाच्या डोक्यात आहेत ते शोधत, पगडी घेऊन वणवण फिरतो. लोक पोट धरून हसले आणि घरी जाताना आपलं डोकं चाचपत गेले. आपल्या कल्याणच्या शिंदे घराण्याचं गाणं तर आपल्या रक्तात आहे. 1980 च्या दशकात आनंद शिंद्यांचा 'नवीन पोपट' रिक्षा-रिक्षात बोलला. ज्या आवाजाने भीमगीतं गायली त्याच आवाजाने लोकांना खदखदा हसवलं. तेव्हा कुणी म्हणालं का, की आवाज बाटला?

मग आपण कधीपासून असे सुतकी झालो? माझ्या मते, ज्या दिवशी स्टेजचा खर्च वाढला त्या दिवसापासून. जलशाला ढोलकी आणि कंदील पुरत होता. डीजेला, कमानीला, एलईडीच्या पडद्याला पैसा लागतो. पैसा देणारा पहिल्या रांगेत, सोफ्यावर बसतो. आणि सोफ्यावर बसलेल्या माणसापुढं विनोद करता येत नाही, फक्त जयजयकार करता येतो.

आता कबुली. 14 एप्रिलला माझ्यावरचं कडवं झालं तेव्हा मी वायर काढली नाही. खरं सांगतो, मलाही हसू फुटलं होतं. मी वायर काढली टॉवरचं कडवं सुरू झालं तेव्हा. कारण सोफ्यावर तो टॉवरवाला बसला होता. मांडवाचे निम्मे पैसे त्याचे होते. त्याने नुसतं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि माझा हात आपोआप वायरीकडं गेला. बाबासाहेबांचं नाव मी दुसऱ्या दिवशी पुढं केलं. माझी भीती झाकायला मी बापाचा फोटो आडवा धरला. हे मला किंचाळणाऱ्या एका परक्या पोराकडून कळावं, याची मला लाज वाटते. तरी कळलं, हे बरं झालं.

पण भाच्याच्या तबकडीपुढंही मी हात जोडून बसलेलो नाही. त्यात मला जे खुपलं तेही सांगतो. ते घरमालकाचं गाणं, त्याच्या नावातच 'लिंच' शब्द आहे. घरमालकाला जमावाने लटकवूया, अशी चेष्टा. गोऱ्या पोराला ती चेष्टा आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसाला त्या शब्दात झाडाला लटकलेला आजा दिसतो. आणि आपल्याला? 29 सप्टेंबर 2006, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, गावाच्या जमावाने मारलेली. तो शब्द माझ्या तोंडून विनोदात निघणार नाही, कितीही वाईट घरमालकासाठी निघणार नाही. ज्याच्या गळ्याला दोर लागलेला नाही त्याने दोराचा विनोद जरा जपून करावा. अशीच आणखी एक गोष्ट. तिरकस बोललेलं काही लोक सरळ ऐकतात. पंकच्या जलशात मारामारी करणारी, हिटलरची चिन्हं मिरवणारी टोळकी घुसू लागली. त्यांना ती नुसती धिंगाण्याची मुभा वाटली. मग याच बँडला 1981 साली नाझी पंकांना सरळसरळ हाकलणारं गाणं करावं लागलं, शिवी घालून, कुठलाही तिरकसपणा न ठेवता. त्याच वर्षी बँडमध्ये काळा ढोलवादक आला होता, डी. एच. पेलिग्रो. म्हणजे विनोद करणाऱ्याला कधीतरी हसणं थांबवून दार दाखवता आलं पाहिजे.

फुटीचा रोगही तिकडं आहे बरं का! पँथर 1974 ला फुटली म्हणून आपण अजून एकमेकांना दोष देतो. हा बँड 1986 ला मोडला आणि पुढं गाण्यांच्या पैशावरून कोर्टात गेला. 2000 साली ज्युरीने बियाफ्राच्या विरोधात निकाल दिला. व्यापाऱ्याला विदूषकाचे कपडे घाला म्हणणाऱ्याच्या हिशेबातही घोळ निघाला. म्हणून मी पोरांना सांगतो, हसा, पण तुमचाही हिशेब तयार ठेवा.

मुंबईत इंग्रजीतून पंक वाजवणारे झाले. 'द रायट पेडलर्स' नावाच्या बँडने 2012 साली काढलेल्या छोट्या तबकडीचं नावच सरकार आणि सार्कझम यांची गाठ मारून केलेलं होतं. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं राहिलं, 2018 च्या जानेवारीत पहिल्यांदा स्टेजवर आलं. त्यांनी गाना आणि परई घेतली, गिटार आणि रॅप घेतला आणि आपल्या ताटातल्या बीफवर उजळ माथ्याने गाणं केलं. तेव्हा आपल्या पोरांनी गिटारीशेजारी हलगी ठेवली ती कुणाची नक्कल म्हणून ठेवलेली नाही. हलगी आपल्याच घरात होती. तिला मयताच्या आणि मिरवणुकीच्या कामाला लावणाऱ्यांनी ती आपली राहू दिली नव्हती, इतकंच.

पोरांनो, तुम्हाला नियम शिकवायला मी उभा नाही. माझा तो हक्क 14 तारखेला गेला. फक्त तीन प्रश्न मी स्वतःला विचारले, तेच तुम्हाला देतो. ज्याच्यावर हसतोय तो माझ्या वर बसलाय की खाली? हसण्यात आपल्याच एखाद्या बाईची, एखाद्या दुबळ्याची मान तर खाली जात नाही ना? आणि तो समोर सोफ्यावर बसला असताना मी हेच म्हणेन का? पहिल्या दोन प्रश्नांना तुमचं गाणं पुरून उरलं. तिसऱ्यालाही उरलं. तुम्ही तोंडावर म्हणालात. नापास मी झालो.

वडीलधाऱ्यांना एकच सांगतो. बाबासाहेबांची टिंगल आणि बाबासाहेबांच्या नावावर चाललेल्या धंद्याची टिंगल, यातला फरक आपल्याला कळत नसेल तर आपण जयंती कुणाची करतोय? टीकेने ढासळतील असे बाबासाहेब नाहीत. ढासळेल ती आपली खुर्ची.

आता शेवटचं. गाण्यातल्या मामाला पोरांनी हिशेब विचारला होता. तो विहाराच्या बाहेरच्या फळ्यावर मी काल रात्री लिहिलाय. जमा किती, खर्च किती, कुणी किती दिले, टॉवरवाल्याचे किती, सगळं. बेरीज चुकली असेल तर पुसून दुरुस्त करा, खडू तिथंच ठेवलाय. पावती पुस्तकं अध्यक्षांच्या हवाली केलीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टेज लागेल, सोफा लागणार नाही. सतरंजी आहे, सगळे त्यावर बसू. मांडव छोटा पडेल, पडू द्या.

बदलापूरला गेलेल्या पोराला मी फोन केला, त्याने उचलला नाही. त्याचं बरोबर आहे. पण भाच्याकडून कळलंय की तो आज आलाय आणि मागं दाराशी उभा आहे. बाळा, तुझं गाणं दीड कडव्यावर थांबलंय. टॉवरचं कडवं पुरं कर. माझं कडवंही राहू दे, त्यात आता वायरीचं एक वाढव. माईकपाशी त्या दिवशीही मीच असेन. वायर धरून ठेवायला.

जय भीम!